वाढदिवसाच्या शुभेच्छा: कुठे द्याव्यात, किती आणि कशा

समोरासमोर किंवा फोनवर दिलेल्या शुभेच्छा दोघांतच राहतात. फेसबुकच्या वॉलवर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये किंवा स्टेटसला दिलेल्या शुभेच्छा तिऱ्हाईतही वाचतात, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. तारीख कुणी जाहीर केली, फोटो कुणी निवडला आणि आभार मानत बसण्याचं काम कुणाच्या गळ्यात पडलं, हे सगळं चारचौघांसमोर ठरतं. उत्सवमूर्तीला विचारलेलं मात्र नसतं. म्हणून लिहिण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ज्याचा वाढदिवस आहे, त्याने स्वतः ही गोष्ट इतक्या लोकांना सांगितली असती का? असती, तर उघडपणे लिहा. नसती, किंवा नक्की सांगता येत नसेल, तर खासगी मेसेज करा. खासगी शुभेच्छांनी सहसा कुणी दुखावत नाही.

आधी तारीख तपासा

फेसबुक आठवण करून देतं, कारण त्या व्यक्तीने तारीख मित्रांना दिसेल अशी ठेवलेली असते. पण तिथे दिवस-महिना आणि वर्ष कुणाला दिसावं हे वेगवेगळं ठरवता येतं. बरेच जण तारीख उघडी ठेवतात आणि वर्ष झाकतात. अशा माणसाच्या वॉलवर 'पन्नाशीच्या शुभेच्छा' लिहिलं, की त्याने झाकलेलं वर्ष आपण उघडं केलं. केकवरच्या आकड्यांच्या मेणबत्त्यांचा फोटोही तेच करतो. पूर्ण नाव आणि पूर्ण जन्मतारीख एकत्र मिळाली की अनेक ठिकाणी ओळख पटवण्याची निम्मी तयारी होते. वय लपवणं हा दर वेळी लाजण्याचा मामला नसतो. कित्येकदा ती साधी खबरदारी असते.

तारीख चुकीची असण्याचीही शक्यता असते. खातं उघडताना खरी जन्मतारीख द्यायची नाही म्हणून लोक कुठलीही तारीख टाकतात, आणि 1 जानेवारी त्यात हमखास सापडते. त्या दिवशी सहा-सात जणांचे वाढदिवस एकदम दिसले, तर ज्यांचा खरा वाढदिवस तुम्हाला ठाऊक आहे त्यांनाच लिहा. 29 फेब्रुवारीला जन्मलेल्यांची गोष्ट वेगळी. 2024 नंतर ती तारीख थेट 2028 मध्येच येणार. मधल्या वर्षांत कुणी 28 फेब्रुवारी पाळतं, कुणी 1 मार्च. एकदा विचारून घ्या आणि स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टिपून ठेवा.

तसं पाहिलं तर जवळच्या माणसांच्या सगळ्याच तारखा स्वतःच्या कॅलेंडरमध्ये असाव्यात. दरवर्षी आपोआप येणारी नोंद, एक दिवस आधीची आठवण, आणि नोंदीत वर्ष लिहायची गरज नाही. ज्यांनी फेसबुकवर तारीख पूर्ण झाकली आहे त्यांची आठवण फेसबुक देणारच नाही, आणि नेमकी अशीच माणसं कधी कधी आपल्याला सगळ्यांत जवळची असतात.

आता सगळ्यांत नाजूक बाब. ज्याच्याशी वर्षभर संपर्क नाही, त्याच्या वॉलवर काहीही लिहिण्याआधी त्याचं प्रोफाइल उघडून शेवटच्या चार-पाच पोस्ट वाचा. त्याला अर्धा मिनिट लागतो. माणूस गेल्यानंतर घरच्यांनी किंवा मित्रांनी फेसबुकला कळवलं, तर ते खातं स्मृतिखातं होतं, नावापाशी 'स्मरणार्थ' अशा अर्थाचा शब्द दिसतो आणि त्या खात्याच्या वाढदिवसाच्या आठवणी येणं थांबतं. पण कुणीच कळवलेलं नसेल, तर आठवण दरवर्षी येतच राहते. मग 'शतायुषी हो, खूप वर्षांत भेट नाही' असा मेसेज त्या वॉलवर जातो आणि तो वाचायला असतात त्याची मुलं, त्याची बायको. अशी चूक झालीच, तर मेसेज काढून टाका आणि घरच्यांपैकी ओळखीच्या एखाद्याला खासगीत दोन ओळी लिहा: 'मला कळलं नव्हतं. मनापासून माफी मागतो.' आपल्याला का कळलं नाही याचं स्पष्टीकरण देत बसू नका. ते ऐकून घेण्याचा भार त्यांच्यावर टाकायला नको. आणि ज्याच्या जाण्याची बातमी तुम्हाला ठाऊक आहे, त्याच्या वाढदिवशी आठवण लिहायची असेल तर ती स्वतःच्या पानावर लिहा. घरच्यांना विचारल्याशिवाय टॅग करू नका.

जागा कोणती

चार ठिकाणं आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं. सगळ्यांत जवळच्यांसाठी फोन किंवा आवाजातला निरोप. त्याखालोखाल खासगी मेसेज. तिसरी वॉल किंवा ग्रुप. चौथं स्टेटस किंवा स्टोरी, जिथे शुभेच्छा एकाला असतात पण दाखवल्या जातात आपल्या सगळ्या ओळखीच्यांना. जवळच्या मैत्रिणीला फक्त स्टेटसवरून शुभेच्छा दिल्या आणि फोन केलाच नाही, तर तिला वाईट वाटणं स्वाभाविक आहे. बोलणं तिच्याशी झालंच नाही, तिच्याविषयी झालं. आधी तिच्याशी बोला, स्टेटस त्यानंतर.

व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस 24 तास राहतं आणि ते कुणाला दिसावं हे तुम्ही ठरवता: सगळ्या संपर्कांना, काही वगळून, किंवा फक्त निवडलेल्यांना. दुसऱ्याचा फोटो लावताना हा शेवटचा पर्याय वापरावा. तुमच्या संपर्कयादीत गॅस दुरुस्त करणारे, जुने घरमालक आणि एकदाच बोललेली माणसंही असतात. त्यांनी तिचा फोटो का पाहावा?

ग्रुपमध्ये होतं काय

80 जणांचा ग्रुप धरा. सकाळी सातला एकाने सुरुवात केली आणि दुपारपर्यंत 60 जणांनी 'हॅपी बर्थडे' टाकलं. प्रत्येक मेसेज उरलेल्या 79 फोनवर पोचतो, म्हणजे एकूण 4,740 सूचना. त्यातल्या उत्सवमूर्तीच्या वाट्याच्या 60. बाकी 4,680 सूचना अशा लोकांना, ज्यांचा वाढदिवस नाही. मग उत्सवमूर्तीने प्रत्येकाला वेगळं 'धन्यवाद' पाठवलं, तर आणखी 4,740. बैठकीची बदललेली वेळ किंवा कुणाला तातडीने रक्त हवं असल्याचा निरोप याच गर्दीत बुडतो. लोक वैतागून ग्रुप म्यूट करतात. म्यूट 8 तासांसाठी करता येतो, आठवड्यासाठी करता येतो किंवा कायमचा. वैतागलेला माणूस बहुधा 'कायम'वर बोट ठेवतो आणि पुढे खरोखरीच्या महत्त्वाच्या निरोपालाही मुकतो.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे एकाने शुभेच्छा लिहाव्यात आणि बाकीच्यांनी त्या मेसेजवर इमोजीची प्रतिक्रिया द्यावी. उपाय चांगला आहे, पण त्यात एक खोच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रतिक्रियेची सूचना फक्त मूळ मेसेज लिहिणाऱ्याला जाते. म्हणजे तुम्ही सुरुवात करणाऱ्याच्या मेसेजवर केकचं चित्र ठेवलंत, तर ते त्याला कळतं, उत्सवमूर्तीला नाही. तिने तो मेसेज उघडून प्रतिक्रियांवर बोट ठेवलं तरच तिला नावं दिसतात. त्यामुळे ज्यांना आपल्या शुभेच्छा पोचल्याच पाहिजेत असं वाटतं, त्यांनी थेट तिला खासगीत लिहावं. बाकीच्यांनी थांबावं, आणि तिने आभाराचा मेसेज टाकला की त्यावर प्रतिक्रिया द्यावी. ती मात्र थेट तिच्यापर्यंत पोचते, आणि इतर 78 फोन शांत राहतात.

हा रिवाज आपोआप रुजत नाही. अ‍ॅडमिनने तो ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवावा. दोन वाक्यं पुरतात: 'वाढदिवसाला ग्रुपतर्फे एकच मेसेज. वैयक्तिक शुभेच्छा खासगीत, आभार एका मेसेजमध्ये.' मग तो एक मेसेज टाकण्याची जबाबदारी कुणाची हेही नक्की करा, आणि सदस्यांना विचारून यादी बनवा. कारण ग्रुपतर्फे 30 जणांना शुभेच्छा दिल्या आणि एकतिसाव्याचा वाढदिवस राहून गेला, तर ते त्याला फार लागतं. ज्याला नाव यादीत नको असेल त्याचा नकार तिथेच मान्य करा, कारण विचारू नका. कामाच्या ग्रुपमध्ये शुभेच्छा नकोच असं ठरलं, तर त्यातही काही गैर नाही.

शब्द

चांगल्या मेसेजात तीन गोष्टी असतात: नाव, त्या माणसाबद्दलची एक खरी गोष्ट, आणि शुभेच्छा. 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! तुझी सर्व स्वप्ने पूर्ण होवोत!' हा मजकूर शंभर जणांना जसाच्या तसा चालतो, म्हणूनच तो कुणाच्याच लक्षात राहत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: 'मीनल, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मागच्या महिन्यात तू माझा अर्ज रात्री बसून तपासलास, ते विसरलेलो नाही. हे वर्ष तुला निवांत जावो.' एकूण तीन वाक्यं. मधलं वाक्य दुसऱ्या कुणाला पाठवताच येणार नाही, आणि सगळी किंमत त्या वाक्याची आहे. हेच वाक्य वॉलवर टाकायचं असेल तर थोडं थांबा: त्या अर्जाची गोष्ट तिच्या वरिष्ठांनी वाचली तर चालेल का?

'एचबीडी' किंवा नुसता केक ही ओळखीपाळखीपुरती दखल झाली. ओळखच तेवढी असेल तर तीही पुरे. अडचण तेव्हा, जेव्हा वीस वर्षांच्या मित्राला तीन अक्षरं मिळतात.

फॉरवर्ड केलेली चित्रं शक्यतो टाळा. 2018 पासून व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर बाणाची खूण दाखवतं. पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेल्यावर दुहेरी बाण येतो, आणि असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवता येतो. म्हणजे फुलांवर 'खास तुझ्यासाठी' असं लिहिलेल्या चित्राच्या डोक्यावर, ते कितीतरी जणांकडून फिरत आलं आहे, हेही लिहिलेलं असतं. चित्र पाठवायचंच असेल तर सोबत नाव घालून स्वतःची एक ओळ लिहा.

संबोधनाकडे लक्ष असू द्या. जिला घरी 'तू' म्हणता, तिला वॉलवर 'आपणांस' लिहिलं तर ते निमंत्रणपत्रिकेसारखं परकं वाटतं. उलट, ज्याच्याशी खासगीत अरे-तुरे आहे पण जो आता तुमच्याच कार्यालयात वरिष्ठ आहे, त्याला कामाच्या ग्रुपमध्ये 'तुम्ही'च बरं. तिथे त्याच्या हाताखालची माणसंही वाचत असतात. शब्द वयाला शोभतील असे हवेत. सत्त्याण्णव वर्षांच्या आजोबांना 'शतायुषी व्हा' म्हणणं म्हणजे तीन वर्षांची मुदत देणं. त्यांना उत्तम आरोग्य चिंता, त्यांच्या हातचं किंवा त्यांच्या तोंडचं आपल्याला काय आवडतं ते सांगा.

उघड्यावर काही विषय काढूच नयेत: वय, वजन, केस, लग्न, मूल, नोकरीचा शोध, आजारपण. 'आता तरी लग्नाचं मनावर घे' हे लिहिणाऱ्याला गंमत वाटतं. वाचणाऱ्याला त्याखालच्या चाळीस हसऱ्या इमोजींना तोंड द्यावं लागतं. 'पार्टी कधी?' हाही तसाच प्रश्न. ज्याची त्या महिन्यात ओढाताण चालली आहे, त्याला चारचौघांत खर्चाचं उत्तर द्यायला लावणं बरं नव्हे.

घरात नुकतं दुःख झालेल्या माणसालाही वाढदिवस येतोच. त्याला विसरू नका, फक्त खासगीत लिहा आणि आनंद साजरा करण्याचा आग्रह धरू नका. 'आज तुझी आठवण आहे. उत्तर देण्याची घाई नको' एवढं पुरतं. त्या दुसऱ्या वाक्याने माणसावरचं ओझं हलकं होतं.

फोटो आणि टॅग

जुना फोटो टाकण्यामागे प्रेमच असतं, पण त्यात आपल्याला न दिसलेलं बरंच काही असतं: तुटलेल्या नात्यातला माणूस, आजारपणातला चेहरा, दुसऱ्या कुणाचं मूल, मागच्या पाटीवरचा पत्ता. आधी तो फोटो उत्सवमूर्तीला खासगीत पाठवून 'हा टाकू का?' असं विचारा. अचानक आनंद देण्याची मजा थोडी कमी होईल, पण नकोसा फोटो दिवसभर लोकांपुढे राहण्यापेक्षा ते परवडलं. ग्रुप फोटोत इतर ठळक दिसत असतील तर कापून घ्या किंवा त्यांनाही विचारा.

फेसबुकवर टॅगचा अर्थ लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. तुम्ही पोस्ट 'मित्रांपुरती' ठेवलीत आणि तिला टॅग केलंत, तर साधारणपणे ती पोस्ट तिच्या मित्रांनाही दिसू लागते. म्हणजे तुमचे दोनशे लोक आणि तिचे तीनशे. इन्स्टाग्रामवर स्टोरीत तिचा उल्लेख केला की तिला ती स्टोरी स्वतःच्या स्टोरीत पुन्हा लावता येते. लावलीच पाहिजे असं मात्र नाही. चाळीस जणांच्या चाळीस स्टोऱ्या तिने एकामागोमाग लावाव्यात आणि आपली राहिली म्हणून कुणी रुसावं, हा आग्रह चुकीचा आहे. शुभेच्छा तिला पोचल्या, एवढ्यावर समाधान मानावं.

मुलांच्या बाबतीत जास्त जपा. नाव, जन्मतारीख आणि शाळेचा गणवेश एकाच फोटोत आले, तर त्या मुलाची आयुष्यभर उपयोगी पडणारी माहिती त्याच्या संमतीविना बाहेर गेली. काका-मावशींनी आईवडिलांना विचारल्याशिवाय फोटो टाकू नये, आणि आईवडिलांनी कळत्या मुलाला विचारावं. नको म्हणालं तर नको.

कामाची जागा

कर्मचाऱ्याची जन्मतारीख कार्यालयात नोंदीसाठी दिलेली असते, ग्रुपवर जाहीर करण्यासाठी नाही. म्हणून आधी विचारणं आलंच. वरिष्ठांना उघडपणे लांबलचक कौतुक लिहू नये. इतरांना ते खुशामतीसारखं दिसतं आणि न लिहिणाऱ्यांवर दबाव येतो. खासगीत दोन ओळी पुरेत. लिंक्डइनवर तयार शुभेच्छांचं बटण येतं. ते दाबलं की सगळ्यांकडून तेच वाक्य जातं. त्यात नाव आणि स्वतःची एक ओळ घाला, नाहीतर सोडून द्या.

वेळ, उशीर, चुका

रात्री बाराचा मेसेज फक्त अशा माणसाला, जो जागा असतो आणि ज्याला ते आवडतं हे पक्कं ठाऊक आहे. परदेशात असलेल्याच्या घड्याळात तुमचे बारा म्हणजे पहाट असू शकते किंवा आदल्या दिवसाची दुपार. टेलिग्रामवर मेसेज ठरावीक वेळेला जाईल असा लावता येतो आणि बिनआवाजाचाही पाठवता येतो. बाकीच्यांना सकाळ ते संध्याकाळ कधीही चालतं.

राहून गेलं, तर दोन-तीन दिवसांत 'उशिराने, पण मनापासून' असं लिहा. एकच वाक्य, कारणांची यादी नको. महिना उलटला असेल तर वाढदिवसाचा विषय सोडा आणि सहज खुशाली विचारायला फोन करा. उशिराच्या शुभेच्छांपेक्षा तो जास्त आवडतो.

चुकीच्या नावाने मेसेज गेला तर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्यापासून 15 मिनिटांपर्यंत तो दुरुस्त करता येतो, त्यावर 'संपादित' अशा अर्थाची खूण राहते. त्यानंतर साधारण दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण मेसेज काढल्याची नोंद तिथे दिसते. दुसरा वाचण्याआधी दुरुस्त होत असेल तर उत्तमच. वाचला असेल तर सरळ 'नाव चुकलं, माफ कर' म्हणा.

उत्सवमूर्तीने काय करावं

आभारांना क्रम असू द्या. ज्यांनी फोन केला पण तुम्हाला उचलता आला नाही, त्यांना आधी परत फोन. मग खासगी मेसेजांना उत्तरं. मग ज्यांनी वॉलवर स्वतःचे शब्द लिहिले, त्यांना एकेक ओळ. त्यांना नुसता लाइक पुरत नाही. बाकीच्यांसाठी एक सामायिक पोस्ट, दोन दिवसांच्या आत. ग्रुपमध्ये गर्दी ओसरल्यावर संध्याकाळी एकच मेसेज. त्यात नावं घेऊ नका, कुणीतरी सुटतंच. खासगीत बऱ्याच जणांना एकदम कळवायचं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी उपयोगी पडते. एका यादीत 256 जण मावतात आणि प्रत्येकाला तो स्वतंत्र मेसेज म्हणूनच जातो. फक्त ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मिळतो, बाकीचे तपासून वेगळे लिहा.

कुणाच्या शुभेच्छा आल्या नाहीत याचा हिशेब ठेवू नका. आठवणीची सूचना बंद असू शकते, फोन बिघडलेला असू शकतो, दिवस वाईट गेलेला असू शकतो. आणि 'वाढदिवसाची खास भेट' म्हणून आलेली लिंक उघडू नका. तारीख उघडी असली की फसवणाऱ्यांनाही ती दिसते.

शुभेच्छाच नको असतील तर कुणावर चिडण्यापेक्षा सेटिंग बदला. फेसबुकवर प्रोफाइलमधल्या वैयक्तिक माहितीत जन्मतारखेपुढे 'फक्त मी' निवडलं की मित्रांना आठवण जात नाही. प्रोफाइल आणि टॅगिंगच्या सेटिंगमध्ये आपल्या वॉलवर कोण लिहू शकतं ते ठरवता येतं, आणि टॅग झालेल्या पोस्ट आधी तपासून मगच वॉलवर येऊ देण्याचा पर्याय असतो. हे बदल वाढदिवसाच्या आठवडाभर आधी करा. आणि ज्यांना तारीख पाठ आहे, त्या तीन-चार जणांना आधीच सांगून ठेवा: यंदा ग्रुपवर काही टाकू नका, फोन मात्र करा.